दहावी ‘ड’च्या मेश्राम मॅडम

आमच्या स्टाफरूममध्ये मेश्राम मॅडमला खुर्ची नव्हती. खुर्च्या एकीनं कमी होत्या आणि ती कमी नेहमी त्यांच्याच वाट्याला यायची. ‘पी.टी.च्या बाईला खुर्ची कशाला, ती तर दिवसभर मैदानावर,’ असं हेडसरांचं म्हणणं. मॅडम खेळाच्या सामानाच्या लोखंडी पेटीवर बसून डबा खायच्या. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी खुर्चीत बसून डबा खाल्ला आणि एकदाही उठून ‘बसा’ म्हटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणाला नावं ठेवायला लागलो की माझी स्वतःची लायकी वाचणाऱ्याला ठाऊक असेल.

ठेंगणी, काटक बाई. पन्नाशी उलटलेली. सुती साडी, पदर खोचलेला आणि पायात कॅनव्हासचे बूट. उजव्या हाताची बोटं कायम पांढरी, कारण मैदान आखायची चुन्याची फक्की त्या स्वतः टाकायच्या. शिपायाला त्यांनी कधी हात लावू दिला नाही. सकाळी साडेसहाला दोरी ताणून, कमरेत वाकून, खो-खोचं मैदान आखायच्या. मी एकदा म्हटलं, “मॅडम, रोज कशाला? कालच्या रेघा दिसतात की.” तर म्हणाल्या, “रेघ पुसट असली का पोरी भांडतात जी. चोख असली का आउट झाल्यावर गुमान बाहेर जातात. मले भांडणं सोडवाले टाइम नाही.”

त्यांचं दुसरं एक ठरलेलं वाक्य होतं. “मैदानावर कोनी नापास नाही होत. आउट होते. बाहेर बसाचं, दम खाचा, पाळी आली का पुन्हा आत.” हे त्या इतक्यांदा म्हणत की स्टाफरूममधले लोक त्यांची नक्कल करायचे. मीही करायचो. चांगली जमायची मला.

मी गणिताचा मास्तर आणि दहावी ‘ड’चा वर्गशिक्षक. आमच्या शाळेतल्या तुकड्या कशा पाडल्या होत्या ते सांगायला नको. ‘अ’मध्ये फोटो छापण्यासारखी मुलं. ‘ड’मध्ये ज्यांच्यामुळे निकालाला धोका ती. शाळेचा निकाल शंभर टक्के लागायचा, दरवर्षी. कसा लागायचा ते आमच्या भागाला, सगळ्या नंदनवनला माहीत होतं आणि सगळं नंदनवन तरीही पोरांचा प्रवेश घ्यायला रांगेत उभं राहायचं. दहावीच्या मध्यावर ‘ड’मधली कच्ची पोरं हेरायची, पालकांना बोलवायचं आणि सांगायचं, दाखला न्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसा. शाळा ज्यांची सुटली त्यांच्यासाठी सरकारनं काढलेला तो फॉर्म. आम्ही तो ज्यांची सोडवायची त्यांच्यासाठी वापरत होतो. ‘ड’च्या पालकाला आमच्या शाळेत चहा मिळायचा तो फक्त त्या दिवशी. कपबशीत, बिस्किटासकट.

मॅडमनी या सगळ्यावर आपल्या परीनं एक इलाज काढला होता. खो-खोचा मुलींचा अख्खा संघ त्या ‘ड’मधून उचलायच्या. इतर शाळांत गणितात नापास झाली की खेळ बंद. यांच्याकडे नापास झालीस तर चल मैदानावर. यात दोन डाव होते. एक म्हणजे सकाळी सातला पोरगी खेळायला गेटच्या आत आली की सव्वासातला गेट बंद व्हायचं, मग बाई स्वतः त्यांना हाकत वर्गापर्यंत आणून सोडायच्या. “आत आलं का मंग जाते कुठं?” दुसरा डाव जास्त मोठा. खेळाडू शाळेच्या पटावर असलाच पाहिजे असा नियम. एकदा संघाची यादी वर गेली की सामने संपेपर्यंत त्या पोरीला पटावरून काढणं शाळेला अवघड. सामने संपेपर्यंत सतरा नंबरची मुदत निघून जायची, आणि पोरगी शाळेतूनच दहावीला बसायची. काही पास व्हायच्या, काही व्हायच्या नाहीत. न झालेल्या एखाद-दुसरीमुळे शंभराचे अठ्ठ्याण्णव झाले की हेडसर आठवडाभर मॅडमशी बोलायचे नाहीत. मॅडमच्या ते लक्षातही यायचं नाही.

प्रणाली शेंडे त्यांनी कशी आणली ते मी डोळ्यांनी पाहिलं. नववीत वार्षिक परीक्षेत ती जेमतेम ढकलली गेली होती. दहावीत जूनपासून शाळेला तोंड दाखवलं नव्हतं. आई एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची. मी वर्गशिक्षक म्हणून मॅडमबरोबर घरी गेलो, उपदेश तोंडावर तयार ठेवून. पोरगी दाराआड. आईनं हाक मारली तरी बाहेर येईना. मी घसा साफ केला, तोच मॅडम आईला म्हणाल्या, “शाळेचं काही नाही वं बाई. मले सकाळी दोरी धराले कोनी नाही. एकटीनं फक्की टाकतो तर रेघ वाकडी होऊन राहिली. आठ दिवस पोरगी दे.” इतकंच. अभ्यासाचं नाव नाही, परीक्षेचं नाही. मी मनातल्या मनात वैतागलो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणाली दोरीचं टोक धरून उभी होती. पाचव्या दिवशी तिला उभं राहवेना, ती धावायला लागली. आणि काय धावायची! खांबाला वळसा घालताना पाठलाग करणाऱ्या पोरीला कळायचंच नाही ही गेली कुठे. मॅडम माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “हे दाराआड बसून होतं जी.”

मग त्यांनी माझ्या वर्गात यायला सुरुवात केली. मला न विचारता. मागच्या बाकावर प्रणालीशेजारी बसायच्या. दोन चलांची समीकरणं चालू होती. मी फळा भरला आणि विचारलं, समजलं? सगळा वर्ग ‘हो’. ‘ड’ तुकडी नेहमी ‘हो’ म्हणते, कारण ‘नाही’ म्हटलं की काय होतं ते तिला माहीत असतं. तर मागून मॅडम उभ्या. “मले नाही समजलं सर. तो एक्स तिकून इकडे आला तर त्याचं चिन्ह काहून बदललं?” वर्ग हसला. मी तापलो. पण बाईला रागावता येईना, म्हणून पुन्हा सांगितलं. “अजून नाही समजलं.” तिसऱ्यांदा सांगताना माझ्या लक्षात आलं की ते चिन्ह का बदलतं हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलंच नव्हतं, नुसतं बदलून दाखवलं होतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मॅडम, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?” म्हणाल्या, “मले तर अजूनही नाही कळलं. त्या पोरीले कळलं, झालं न.” घटक चाचणीत प्रणालीला गणितात चाळीसपैकी चौदा पडले. पास. मी पेपर दोनदा तपासला, कारण मला विश्वास नव्हता. तिनं तो पेपर घडी करून पँटच्या खिशात ठेवला आणि त्या दिवशी खेळताना काढला नाही.

संघ त्या वर्षी जिल्ह्यात जिंकला. इथपर्यंत गोष्ट चांगली आहे. इथून पुढे मला सांगताना किळस येते.

विभागाच्या सामन्यांत खेळलं की दहावीत वाढीव गुण मिळतात. हे कळल्याबरोबर आमच्या शाळेत खेळावर सगळ्यांचं प्रेम उतू जायला लागलं. हेडसरांनी मला बोलावलं. त्यांच्या तोंडात सदानकदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. बोलताना ओघळू नये म्हणून मान वर करून, हनुवटी छताकडे धरून बोलत. संस्थेच्या सचिवांची पुतणी शर्वरी दहावी ‘अ’मध्ये होती, ब्याण्णव-त्र्याण्णव टक्क्यांची. तिला पुढच्या प्रवेशासाठी थोडे गुण कमी पडतील अशी घरच्यांना भीती. विभागाला नवी यादी जाणार होती.

“एक जागा करा न बोरकर सर,” हेडसर छताला म्हणाले.

“जागा कशी करणार? बाराच्या बारा...”

“ती शेंडेची पोरगी सतरा नंबरच्या यादीत आहे न? एका विषयात चौदा, बाकीच्यांत भोपळे. तिले दाखला देऊन टाका. पटावरच नाही तर संघात कशी राहीन?” मग खिडकीतून थुंकले आणि मान खाली आणून माझ्याकडे पाहिलं. “मेश्राम बाई तीन दिवस पंचांच्या शिबिराले गेल्या आहेत. तेवढ्यात करा.”

मी केलं. प्रणालीच्या आईला बोलावलं. चहा आला, बिस्किटं आली. तिनं बशी मांडीवर धरून ठेवली, प्यायली नाही. बाहेरून बसलं तरी दहावी ती दहावीच, मी सांगितलं. उलट रोज शाळेची कटकट नाही. ती म्हणाली, “मेश्राम मॅडमले माहीत आहे न सर?” मी म्हटलं, हो. “मंग काही नाही. कुठं करू सही?” मी बोट ठेवून दाखवलं.

मॅडम परत आल्या तेव्हा दाखला गेलेला होता. त्या ओरडल्या नाहीत. त्या पेटीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, “तुम्ही तिले समीकरण शिकवलं होतं जी. तुम्ही स्वतः.” मला वाटलं होतं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी धावपळ करून प्रणालीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, मुदतीच्या आत, सोबत स्वतः जाऊन. निदान परीक्षा तरी हातातून जाऊ नये म्हणून. पण यादीतल्या शर्वरीच्या नावाला त्या हात लावू शकल्या नाहीत. शर्वरी राखीवमध्ये बसून राहीन, बाकीच्या अकराजणींचं नुकसान कशाला, असं त्यांनी स्वतःला समजावलं असावं.

विभागाचे सामने नागपुरातच होते. आदल्या दिवशी हेडसरांचा फोन. शर्वरीला रविवारी क्लासची परीक्षा आहे, ती येणार नाही. पण मैदानावर ओळखपत्र घेऊन बाराजणी मोजतात. “त्या शेंडेच्या पोरीले घेऊन या. शर्वरीच्या नावावर खेळू द्या. सामनाही जिंकू आणि तिचं सर्टिफिकेटही होऊन जाईन. खुश होईन बिचारी पोरगी.” बिचारी म्हणाले. माझ्या कानांनी ऐकलं मी. जिला हाकललं तिलाच बोलवायचं, तिचे पाय वापरायचे आणि गुण दुसरीच्या खात्यावर टाकायचे. यापेक्षा घाण काम मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आणि मी ऐकून काय केलं, तर शाळेत जाऊन शर्वरीच्या नावाचं नवं ओळखपत्र तयार केलं, त्यावर प्रणालीचा फोटो चिकटवला, शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर येईल असा मारला. मग प्रणालीच्या आईला फोन केला. पोरगी फोनवरच किंचाळली आनंदानं. “मॅडमनं बोलावलं का सर?” मी पुन्हा हो म्हटलं.

सकाळी मैदानावर ती सगळ्यांच्या आधी हजर. बूट धुऊन आणलेले. बाकीच्या पोरी तिच्या गळ्यात पडल्या. मी तिला बाजूला घेऊन ओळखपत्र दिलं आणि कोणतं नाव सांगायचं ते सांगितलं. तिनं वाचलं, मग मान डोलावली. मॅडम टेबलाशी कागद देत होत्या. त्यांना हे काहीच ठाऊक नव्हतं. टेबलावरच्या साहेबांनी एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. शर्वरीचं नाव आलं तशी प्रणाली पुढे झाली.

मॅडमनी तिच्या हातातून ओळखपत्र घेतलं. पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

“काय नाव वं तुझं?” त्यांनी हळूच विचारलं.

“मॅडम, खेळू द्या न,” प्रणाली म्हणाली. “नाव कोणतंबी असू द्या. मले नाव नको. खेळू द्या फक्त.”

साहेब खाली मान घालून लिहीत होते. एक शब्द न बोलता मॅडम तिथून निघून गेल्या असत्या तरी सामना झाला असता. प्रणाली खेळली असती, अकराजणींना गुण मिळाले असते, शर्वरीला मिळाले असते, हेडसरांनी पेढे वाटले असते. मला मनापासून वाटत होतं की बाईनं गप्प बसावं.

“साहेब,” मॅडम म्हणाल्या, “ही प्रणाली शेंडे. आमच्या यादीत हिचं नाव नाही. हे कार्ड खोटं आहे. लिहून घ्या.”

संघ बाद झाला. तिथल्या तिथे. अकरा पोरी मैदानाबाहेर बसून रडत होत्या. प्रणाली रडली नाही. तिनं बूट काढले, हातात घेतले आणि मॅडमसमोर येऊन म्हणाली, “दाखला त्यांनी कापला. खेळ तुम्ही बंद केला.” आणि अनवाणीच चालत गेली. मॅडम दोन पावलं तिच्या मागे गेल्या आणि थांबल्या.

पुढचं शाळेत जे झालं ते बघून कुणालाही उलटी यावी. अकराजणींचे पालक आले, मॅडमवर तुटून पडले. तुमच्या खरेपणापायी आमच्या पोरींचे गुण गेले! हेडसर पालकांच्या बाजूनं उभे. खोट्या कार्डाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणून ते कुणी केलं हा प्रश्नही निघाला नाही. चौकशी झाली नाही. झाली ती मॅडमची बदली, मैदानावरून परीक्षा विभागात. खडू घेऊन बाकांवर नंबर टाकायचे. खो-खोचं मैदान महिनाभरात बुजलं, तिथे आता हेडसरांची आणि आमची वाहनं उभी राहतात. आणि शर्वरीचं? तिचं कुठल्याशा भलत्याच खेळाच्या संघातून होऊन गेलं. तो खेळ कसा खेळतात हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं, तिलाही नाही. पोरगी गुणी आहे, तिला दोष नाही. तिला बहुतेक कुणी काही सांगितलंही नसेल.

मार्चमध्ये मला पर्यवेक्षक म्हणून जरीपटका भागातल्या एका परीक्षा केंद्रावर नेमलं. बाहेरून बसणाऱ्यांची खोली. पहिल्या पेपरला बैठक क्रमांक तपासत गेलो तर खिडकीजवळच्या बाकावर प्रणालीचा नंबर. बाक रिकामा. अर्धा तास वाट पाहिली, मग गैरहजर लिहिलं. पेपर सुटल्यावर बाहेर आलो तर गेटसमोर, पालकांच्या गर्दीत, स्कूटीला टेकून मेश्राम मॅडम. डोक्याला ओढणी गुंडाळलेली. हातात डबा आणि पाण्याची बाटली.

“आली?”

“नाही मॅडम.”

“उद्या नाही, परवा आहे न पुढचा? येतो मी.”

प्रणाली शहराबाहेर, बुटीबोरीला एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. सकाळी बस न्यायला यायची, संध्याकाळी सोडायची. मॅडम घरी गेल्या की आतून निरोप यायचा, घरी नाही म्हणून सांग. प्रवेशपत्र मॅडमनी स्वतः आणून तिच्या आईकडे देऊन ठेवलं होतं. प्रत्येक पेपरला, अर्धी रजा टाकून, त्या यायच्या. अकरा वाजता मी खोलीत रिकाम्या बाकाजवळून जायचो, दोन वाजता बाहेर येऊन नाही म्हणायचो. डबा प्रत्येक वेळी वेगळा असायचा, एकदा वांग्याच्या भाजीचा वास आला. गणिताच्या दिवशी मी प्रश्नपत्रिका पाहिली. दोन चलांचं समीकरण होतं, सोपं होतं. तिला आलं असतं.

शेवटचा पेपर भूगोलाचा. बाहेर आलो तेव्हा ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. पोरं दप्तरं उडवत, ओरडत निघाली होती. मॅडमनी त्या दिवशी ‘आली?’ विचारलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहून कळलं असावं.

“बोरकर सर,” त्या म्हणाल्या, “मी तिले खेळू द्याले पाहिजे होतं का जी?”

मी म्हणालो, “नाही मॅडम. तुम्ही केलं तेच बरोबर.”

“तुम्ही नका सांगू,” त्या म्हणाल्या. रागावून नाही, नुसतं म्हणाल्या. मग डबा आणि बाटली डिक्कीत ठेवली, ओढणीचं टोक तोंडावरून घेऊन कानामागे खोचलं. “पाच वाजता त्याहिची बस सुटते. घरी लपते, कंपनीच्या दारात कुठं लपन? जुलैत पुन्हा परीक्षा आहे म्हणून सांगतो तिले.”

“आत्ता? बुटीबोरीला? इतक्या उन्हात?”

त्यांनी गाडी सुरू केली, दोन रिक्षांच्या मधून काढली आणि वर्धा रोडच्या दिशेनं गेल्या. साधारण दीड तासाचा रस्ता आहे जरीपटक्यापासून. माझी गाडी तिथंच सावलीत उभी होती, टाकीत पेट्रोल होतं, दुपार मोकळी होती. सही त्या आईकडून मी घेतली होती, कार्ड मी चिकटवलं होतं, जायला पाहिजे होतं मला. मी घरी गेलो, जेवलो आणि कूलर लावून झोपलो.